कापलेला खोकला

आरोग्य कार्यालयात तिला सगळे कात्रीताई म्हणत. मोठे डॉक्टर दर सोमवारी माइकसमोर तासभर बोलायचे आणि त्यातून वीस मिनिटांचा पॉडकास्ट काढणं हे तिचं काम. डॉक्टरांचं 'काय आहे की' कापायचं, खुर्चीची करकर कापायची, चहाचा भुरका कापायचा. जनतेच्या कानावर स्वच्छ आवाज गेला पाहिजे, असं वरून पत्रच होतं.

गेले नऊ आठवडे ती डॉक्टरांचा खोकलाही कापत होती.

आधी दोन-तीनदा यायचा. मग वीसदा. पॉडकास्टमध्ये मात्र डॉक्टर ठणठणीत. "खोकला दोन आठवड्यांच्या वर टिकला की अंगावर काढू नका, तपासून घ्या," हे वाक्य तर तिने चार तुकडे जोडून उभं केलं होतं. ते ऐकून तपासणीच्या खिडकीवर रांग लागली.

पण डॉक्टरांना सांगणार कोण? शिपायाने एकदा विषय काढला, तर त्या बापड्याला धुळीच्या ॲलर्जीवर पाऊण तास ऐकून घ्यावं लागलं. कात्रीताईला त्यांचा राग यायचा आणि स्वतःचा त्याहून जास्त. हा माणूस किती खोकतो ते तिला एकटीला ठाऊक होतं, आणि ते पुसून टाकायचा पगारही तीच घेत होती.

दहाव्या सोमवारी तिने कापलेले सगळे खोकले एकापुढे एक जोडले आणि हेडफोन डॉक्टरांपुढे ठेवला. "सर, एका पेशंटचा आवाज आहे. जरा ऐकता का?"

डॉक्टरांनी डोळे मिटून ऐकलं.

"किती दिवस झाले?"

"नऊ आठवडे."

"आणि हा इतके दिवस करतोय काय? गाढव आहे." त्यांनी चिठ्ठी पुढे ओढली. "एक्सरे आजच. थुंकीही तपासा. घरात लहान मूल आहे?"

"नात आहे, सर. दीड वर्षाची. आजोबांच्या मांडीवर बसल्याशिवाय घास घेत नाही, असं तुम्हीच सांगता."

डॉक्टरांनी हेडफोन काढला. चिठ्ठीवर नावाची जागा कोरी होती, ती तशीच राहिली. कात्रीताईला रडू येत होतं, पण ती जागची हलली नाही.

मग त्यांनी सुनेला फोन लावला. "बाळाला घेऊन दवाखान्यात ये," ते म्हणाले. "आणि हे बघ, मी हात पुढे केले तरी माझ्याकडे देऊ नकोस."