अप्पांची अमेरिका

नांदेड स्टेशनवर गाडी हलली तेव्हा अप्पा खिडकीचा गज धरून चार पावलं सोबत चालले. मग हात सोडून, सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जयभीम." मागच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेला मास्तरांचा आवाज. समोरच्या सीटवरच्या बाईंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी ओठ हलवले, आवाज काढला नाही, आणि मोबाईलमध्ये तोंड घातलं.

त्याला अठरा वर्षं झाली. जे मागे राहिले आणि जे माझ्यासारखे निघून आले, त्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. आधीच लिहायला हवं होतं.

अप्पा कॉलेजात इतिहास शिकवायचे. त्यांचा जिव्हाळ्याचा विषय अमेरिका, तीही दुसऱ्या महायुद्धानंतरची. स्वतः हैदराबादच्या पुढे कधी गेले नाहीत. पण तिथल्या कुठल्या हॉटेलात काळ्या पोरांना वाढत नव्हते आणि ती पोरं काउंटरवर कशी बसून राहिली, हे ते आत्ताच बाजारातून बघून आल्यासारखं सांगायचे. देशासाठी लढून आलेला काळा शिपाई, अंगावर वर्दी, आणि बसमध्ये जागा मागच्या बाजूला. तिथून सुरुवात. मग सीट सोडायला नकार देणारी ती बाई, मोर्चे, तुरुंग, कायदे. शेवटी चष्मा काढून वर्गाला विचारायचे, "कायदा बदलला. माणूस कधी बदलला?" लहानपणी मला वाटायचं, हा प्रश्न अमेरिकेपुरताच आहे.

त्या दिवशी प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघतानाही त्यांचा तास चालूच होता. ऑस्ट्रेलियानेही एके काळी दार फक्त गोऱ्यांसाठी ठेवलं होतं, जगभर वारं फिरलं तेव्हा ते उघडलं, वगैरे. म्हणाले, "तुझा व्हिसा त्या बसमधल्या बाईने मिळवलाय, हे विसरू नकोस. तिकडे कुणी आडनाव विचारणार नाही. विचारलंच तर सांग सरळ."

गोऱ्यांनी खरंच विचारलं नाही. ऑफिसात मिलिंदचा मी मिल्स झालो. जाधव हे त्यांना फक्त स्पेलिंग होतं. विचारलं ते आपल्याच माणसांनी. टार्निट या उपनगरात घर घेतलं, तिथल्या मराठी मंडळींच्या पहिल्याच पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, प्लेट हातात देत एका वहिनींनी विचारलं, "जाधव म्हणजे कुठले तुम्ही?" मी म्हणालो, नांदेडकडचे. जाधव सगळ्यांत असतात. ज्याला जे समजायचं ते समजता येतं. त्यांनी जे समजून घेतलं ते मी समजू दिलं.

तिथून पुढे फार काही करावं लागलं नाही, फक्त गप्प बसायचं. मुलीचं नाव संघमित्रा, या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी मित्रा एवढंच लिहायचो. चौदा एप्रिलला रजा टाकून शहराच्या दुसऱ्या टोकाला, क्लेटनला, जयंतीला जायचो आणि ऑफिसात डेंटिस्ट सांगायचो. एकदा जेवताना कुणीतरी कोट्यातल्या डॉक्टरांवर जोक केला. मी हसलो. मोठ्याने नाही, मागे राहू नये इतकंच. मी स्वतः स्कॉलरशिपवर इंजिनीअर झालो. अप्पाही स्कॉलरशिपवरच शिकले होते.

खरं सांगायचं तर मला इथे कुणीही काहीही केलेलं नाही. करतील या भीतीने मीच आधी स्वतःला करून घेतलं.

नऊ वर्षांपूर्वी, आई गेल्यानंतर, अप्पा तीन महिने आमच्याकडे राहायला आले. एका शनिवारी चार कुटुंबांना जेवायला बोलावलं होतं. त्यात प्रसादही होता. पुण्याचा, माझ्याच ट्रेनने सिटीत जाणारा, आणि इथला माझा सगळ्यात जवळचा मित्र. आमच्या हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो असतो. पाहुणे येणार असले की तो टॉवेलच्या कपाटात जायचा. बायको, सुनीता, पहिल्याच वर्षी म्हणाली होती, "मी हात लावणार नाही. काढायचा तर तूच काढ." तर त्या दिवशीही दुपारी मी स्टूलवर चढलो. फरक इतकाच की अप्पा सोफ्यावर बसून बघत होते. फोटो कपाटात ठेवून आल्यावर मी म्हणालो, "अप्पा, आज नुसतं नमस्कार म्हणा ना. लोक मिक्स आहेत."

"बरं," अप्पा म्हणाले.

जेवताना प्रसादने विचारलं, काका, तुम्ही काय शिकवायचे? अप्पा म्हणाले, अमेरिका. सगळे हसले. मग त्यांनी गोष्ट सांगितली. एका काळ्या घरातला उजळ रंगाचा मुलगा गाव सोडून दूरच्या शहरात जातो, गोरा म्हणून राहतो, दुकानात नोकरीला लागतो. एकदा त्याची आई भेटायला येते. गिऱ्हाइकांच्या रांगेत उभी राहते. तो ओळख देत नाही. ती पायमोज्यांचा एक जोड विकत घेते, थँक्यू सर म्हणते आणि निघून जाते.

"पुढे कायदे झाले," अप्पा वरणभात कालवत म्हणाले. "शाळा उघडल्या, हॉटेलं उघडली. जे रस्त्यावर लढले ते पुढच्या दाराने आत आले. हा आधीच चोरून आत गेलेला. याला परत यायला दारच राहिलं नाही."

प्रसाद हळहळला. "अमेरिकेत फार वाईट होतं हो काका हे."

"हो," अप्पा म्हणाले. "अमेरिकेत."

पाहुणे निघाले तेव्हा त्यांनी दारात उभं राहून प्रत्येकाला हात जोडले, नमस्कार. दार लावून मी वळलो. त्यांनी मलाही तसेच हात जोडले. "नमस्कार," म्हणाले, आणि खोलीत झोपायला गेले.

त्यानंतर नऊ वर्षं दर रविवारचा फोन त्याच शब्दावर संपत राहिला. आवाजात राग नाही, टोमणा नाही. मी सांगितलेलं त्यांनी पाळलं. आणि मीही दर रविवारी मनाशी म्हणायचो, आज आपण आधी म्हणू. मग हं, ठेवतो, असं म्हणून ठेवून द्यायचो.

गेल्या महिन्यात ऑफिसमधून परत येताना टार्निटला ट्रेनमधून उतरलो आणि बहिणीचा, सुजाताचा, फोन आला. अप्पांना धाप लागतेय, ॲडमिट करायला नेतोय, गाडी येईपर्यंत बोलून घे. प्लॅटफॉर्म भरलेला होता. निम्म्याहून जास्त चेहरे आपलेच. शेजारी प्रसाद कारची किल्ली शोधत उभा.

अप्पांना आता फार कमी ऐकू येतं. मी तब्येतीचं विचारलं, त्यांनी संघमित्राच्या परीक्षेचं विचारलं. मग थांबून, दमून, ते म्हणाले, "नमस्कार."

"जयभीम, अप्पा."

"काय?"

मी पुन्हा म्हणालो.

"ऐकू येत नाही रे. मोठ्याने बोल."

मी मोठ्याने बोललो. जिन्याकडे निघालेल्या दोघातिघांनी वळून पाहिलं. प्रसादने पाहिलं.

"जयभीम," अप्पा म्हणाले. "आता आलं. जेवलास का?"

कारमध्ये प्रसादने अप्पांची चौकशी केली. मी सांगितलं. मग म्हणालो, आम्ही बौद्ध आहोत, तुला कधी सांगितलं नाही. "अच्छा," तो म्हणाला आणि सीटबेल्ट लावत बसला. सिग्नलला एकदा म्हणाला, "तो कोट्याचा जोक मीच मारला होता ना?" मी हो म्हणालो. मला घरापाशी सोडून तो गेला. या शुक्रवारी तीच चार कुटुंबं जेवायला येतायत. प्रसादही येतो म्हणाला आहे. काय होईल ते बघू. मी दमलोय, अंदाज बांधायची ताकद राहिलेली नाही.

अप्पा सहा दिवसांनी दवाखान्यातून घरी आले. माझं घर नांदेडला की टार्निटला, हे मला अजूनही विचारू नका. टॉवेलच्या कपाटात मात्र आता फक्त टॉवेल आहेत.