मॉड्यूल्स गायब झाली तो बुधवार

डायलिसिस केंद्रात तिला सगळे सर्व्हरबाई म्हणत. खरं तर ती आली होती रजिस्टरं लिहायला. रजिस्टरं जाऊन कॉम्प्युटर आले, तेव्हा तिथल्या जुन्या तंत्रज्ञाने तिला शेजारी बसवून लिनक्सचा सर्व्हर सांभाळायला शिकवलं. त्यांना ती दादा म्हणायची. शिकवलं म्हणजे त्यांनी एक पॅनेल दाखवलं. ब्राउझर उघडला की डावीकडे मॉड्यूल्सची, म्हणजे एकेका कामाच्या विभागांची, लांबलचक यादी यायची: वापरकर्ते, डिस्क, डेटाबेस, आणखी कितीतरी. हव्या त्या ओळीवर क्लिक केलं की काम व्हायचं. काळ्या पडद्यावर हाताने कमांड लिहायची वेळ चौदा वर्षांत तिच्यावर आली नव्हती, आणि त्या पडद्याची तिला धास्ती होती.

दादा निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत अर्धांगवायूने आडवे झाले. त्यांच्या जागी कुणाला नेमलं नाही. "बाई आहेत की," असं व्यवस्थापक म्हणायचे. ते ऐकून तिला बरंही वाटायचं.

सर्व्हरची जुनी आवृत्ती बदला, अशी सूचना महिनाभर येत होती. मंगळवारी संध्याकाळी शेवटचा पेशंट गेल्यावर तिने ती बदलली. कुठे काही अडलं नाही. समाधानाने ती घरी गेली.

बुधवारी सकाळी सातला बारा खुर्च्या भरल्या आणि सिस्टर दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, पेशंटची माहिती उघडत नाहीये."

"डेटाबेस बंद पडला असेल. दोन मिनिटं द्या."

तिने पॅनेल उघडलं. डावीकडे चारच ओळी होत्या. डेटाबेस नव्हता, डिस्क नव्हती, वापरकर्ते नव्हते. तिने बाहेर पडून पुन्हा लॉगिन केलं. दुसरा ब्राउझर उघडून पाहिला. सर्व्हर बंद करून चालू केला. 'मॉड्यूल्स पुन्हा शोधा' असं एक बटण होतं, ते तिने चार वेळा दाबलं. चारच ओळी.

कुणाच्या अंगातून किती पाणी काढायचं, ते सगळं त्या डेटाबेसमध्ये होतं. ज्यांना आपलं वजन आणि आकडे तोंडपाठ होते, त्यांना डॉक्टरांनी मशीनवर घेतलं. पाच जण उरले. त्यांत शिवणकाम करणाऱ्या एक आजी होत्या. त्यांचं हृदय नुकतंच बिघडलं होतं आणि सगळे आकडे मागच्याच आठवड्यात बदलले होते.

"अंदाजाने पाणी काढलं तर त्यांचं बीपी कोसळेल," डॉक्टर म्हणाले. "बाई, किती वेळ लागेल, खरं सांगा."

"माहीत नाही," ती म्हणाली. असं उत्तर तिने त्या इमारतीत पहिल्यांदाच दिलं होतं.

नऊ वाजता आजींना धाप लागली. साडेनऊला अँब्युलन्स बोलावून त्यांना मोठ्या रुग्णालयात हलवलं. स्ट्रेचरची चाकं तिच्या खोलीसमोरून गेली, पण मान वर करून बघायची तिची हिंमत झाली नाही. पासवर्ड तीनदा चुकला. शेवटी तिने दादांच्या घरी फोन लावला.

फोन वहिनींनी घेतला. "अगं, त्यांना बोलता येत नाही. 'हो' आणि 'नाही', एवढंच येतं. त्यातही कधी कधी उलटसुलट होतं."

"चालेल वहिनी. फोन कानाला लावा फक्त."

पलीकडे जड श्वास ऐकू आला. काय झालंय ते तिने सांगितलं आणि एकेक प्रश्न विचारू लागली. खात्रीसाठी प्रत्येक प्रश्न ती उलटा फिरवूनही विचारत होती.

"दादा, मॉड्यूल्स पुसली गेली असतील?"

"नाही."

"म्हणजे सर्व्हरवर आहेत?"

"हो."

"माझी परवानगी गेली?"

"नाही."

"मग पॅनेलच ती लपवतंय?"

"हो. हो."

"का लपवेल? मी काही बिघडवलं का? काल फक्त आवृत्ती बदलली..."

पलीकडून घशातला एक आवाज आला, मग "हो, हो, हो," आणि मागून वहिनी म्हणाल्या, "अगं, ते उठून बसायला बघतायत."

तिने काल काय काय केलं ते मनात पुन्हा मांडलं. आवृत्ती बदलली ती सर्व्हरची. पॅनेल तर जुनंच होतं. "दादा, सर्व्हर बदललाय हे पॅनेलला कळलंच नाही का? ते अजून जुनीच आवृत्ती धरून बसलंय?"

"हो."

"कळलंय त्याला?"

"नाही."

उरलेल्या चार ओळींत पॅनेलची स्वतःची सेटिंग्ज होती. तिथे सर्व्हरची आवृत्ती लिहायची चौकट होती आणि तिच्यात भलतंच काहीतरी पडलं होतं. आपण कुठल्या सर्व्हरवर आहोत हेच न कळल्यामुळे पॅनेलने बहुतेक मॉड्यूल्स झाकून ठेवली होती. तिने यादीतून नवी आवृत्ती निवडली आणि सेव्ह केलं. डावीकडची पट्टी खालपर्यंत भरली. तिने डेटाबेस सुरू केला, आणि शेजारच्या हॉलमधून सिस्टर म्हणाल्या, "आली माहिती."

दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. "दादा, सापडलं," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. पलीकडे दादा "नाही, नाही," म्हणत राहिले. ते उलटं होतं की समजूत, हे तिला कळलं नाही.

दुपारी व्यवस्थापकांनी विचारलं, आवृत्ती कुणाला विचारून बदलली? "कुणालाच नाही," ती म्हणाली. "विचारायला कुणी नव्हतं." त्यांनी लेखी खुलासा मागितला. तिने तो दिला, स्वतःची चूक आधी लिहून.

आजी नऊ दिवस अतिदक्षता विभागात होत्या. ती रोज जाऊन बाहेरच्या बाकावर बसायची. आपण कोण, हे आजींच्या मुलीला सांगायला तिला सहा दिवस लागले. मुलीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "उद्या येऊ नका." ती गेली नाही. आजी वाचल्या, पण पुढे दुसऱ्या केंद्रात जाऊ लागल्या.