वाचणारा समोर असतो

नोकरीच्या मुलाखतीत मी एकच खोटं बोलले. काशीदच्या त्या रिसॉर्टच्या मॅनेजरने विचारलं, "हातावर टॅटू वगैरे नाही ना? काउंटरवर फॅमिली गेस्ट येतात." मी नाही म्हटलं. माझ्या हातावर आहे ते गोंदण, टॅटू नव्हे, अशी मनाची समजूत घातली. पण त्या दिवसापासून पूर्ण बाह्यांचे कुर्ते आणि मनगटाला बटण. मे महिन्यात काखेतून घामाच्या धारा लागल्या तरी बटण सुटलं नाही. हात धुताना बाही भिजली तर भिजू दे, वर करायची नाही. रजिस्टर पुढे सरकवायचं ते डाव्या हाताने. अशी चार वर्षं काढली.

गेस्टच्या अंगावर मात्र काय काय असायचं. मानेवर पंख, पोटरीवर वाघ, एकाच्या तर अख्ख्या दंडावर त्याच्या कुत्र्याचं तोंड. मॅनेजर कौतुकाने विचारायचा, "सर, कुठे केलंत?" खोलीचं भाडं भरणाऱ्याच्या अंगावर ती कला आणि पगार घेणाऱ्याच्या अंगावर तो डाग. मला संताप यायचा, पण तो गिळून मी खोलीची चावी हसतमुखाने पुढे करायचे.

माझ्या उजव्या हाताच्या आतल्या बाजूला दोन ओळी आहेत. वर माझं नाव, खाली गावाचं. त्या का आहेत ते सांगायला हवं.

माझे वडील मासेमारीच्या बोटीवर होते. मी नऊ वर्षांची आणि भाऊ सहा वर्षांचा असताना ती बोट उलटली. बाकीचे खलाशी वाचले, वडील सापडले नाहीत. दीड-दोन महिन्यांनी कुणाकडून तरी कळलं की खाली दक्षिणेला एका गावाच्या किनाऱ्याला एक देह लागला होता. ओळख पटली नाही, म्हणून तिथल्या लोकांनी बेवारस म्हणून अग्नी दिला. ते आमचे वडील होते की नव्हते, हे आम्हाला आजही माहीत नाही. आईने कुंकू पुसायचं की नाही, हेसुद्धा तिला कुणी सांगू शकलं नाही.

त्या वर्षीच्या जत्रेत आईने आम्हाला पाळण्यात बसवलं नाही की खाऊ घेतला नाही. सरळ गोंदणवाल्यासमोर नेऊन बसवलं. तो म्हणाला, "मुलीच्या हातावर अक्षरं कशाला? छान तुळस काढतो." आई म्हणाली, "दर्या पोरगा-पोरगी बगत न्हाय." त्याने माझा हात धरला आणि मला सरळ दिसेल असं पहिलं अक्षर काढायला घेतलं, तर आईने त्याचं मनगट पकडलं. "अशी नको. उलटी काड. तिला न्हाय वाचायची. वाचणारा समोर असतो."

सुई टोचत होती म्हणून मी रडत होते, त्या बोलण्याचा अर्थ मला कळला नव्हता. माझ्यामागून भावाच्याही उजव्या हातावर तशाच दोन ओळी आल्या. कळला तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन. आंघोळ करताना हाताकडे बघितलं आणि एकदम तो पाठीमागे लपवला. ती अक्षरं मी मेल्यावर कुणीतरी वाचण्यासाठी होती. लोकांना वाटेल की मी नोकरीसाठी बाह्या खाली ठेवत होते. नोकरीसाठी ठेवत होतेच, पण मलाही तो हात बघायचा नसायचा.

भाऊ पुढे वडिलांसारखाच बोटीवर गेला. मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. नारळी पौर्णिमा होऊन दहा-बारा दिवस झाले होते, बोटी नुकत्या सुटू लागल्या होत्या, आणि मध्येच वारा फिरला. भावाची बोट आदल्या दिवशी यायला हवी होती, ती आली नव्हती. मोबाइल लागत नव्हता. सकाळी मी मुरुडच्या घरून निघताना आई म्हणाली, "येतील. तू जा कामाला." ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

अकराच्या सुमारास एक हवालदार काउंटरवर आला. पलीकडच्या खडकांजवळ एका माणसाचा देह लागला होता. कपडे राहिले नव्हते. तो लॉजवाल्यांकडे चौकशी करत फिरत होता. त्याने मॅनेजरला मोबाइलवर फोटो दाखवला. "हातावर टॅटू आहे. वेलबुट्टी दिसते. टुरिस्टच असणार." मॅनेजर मला म्हणाला, "मॅडम, एकट्या आलेल्या पुरुषांची नावं काढा जरा."

मी काउंटरच्या आतल्या बाजूला होते, ते दोघे बाहेरच्या. त्यांच्या हातातला फोटो मला उलटा दिसत होता. आणि उलटा दिसत होता म्हणूनच मला त्यात वेलबुट्टी दिसली नाही. हिरवट निळी अक्षरं दिसली. दोन ओळी.

मी "द्या इकडे," एवढं म्हणाले आणि मोबाइल ओढूनच घेतला. वरची ओळ खडकावर घासून गेली होती. कातडी फुगली होती. एक काना कळत होता, आणि काना भावाच्या नावातही आहे. मी खालच्या ओळीवर बोट ठेवलं आणि पहिलीतल्या मुलीसारखं एकेक अक्षर लावत गेले. खाडीपलीकडच्या एका गावाचं नाव होतं. आमचं नव्हतं.

मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला. मग त्या गावातलं कुठलंतरी घर डोळ्यांसमोर आलं, आणि मी खुर्चीत बसले.

"टुरिस्ट नाही हा," मी म्हटलं. "बोटीवरचा आहे."

"ताई, खात्रीने कसं सांगता?" हवालदाराने विचारलं.

मी बटण सोडलं, बाही कोपरापर्यंत सारली आणि हात मोबाइलशेजारी ठेवला. दोघांनीही वाचला. त्यांच्या बाजूने तो सरळच होता. हवालदाराने टोपी काढली, फोटोतल्या गावाचं नाव लिहून घेतलं आणि फोन लावत बाहेर गेला.

मला वाटलं, गेली नोकरी. मग मॅनेजर हळू आवाजात म्हणाला, "बाही तेवढी खाली ठेवत जा." माणूस वाईट नव्हता. मी बटण लावलं.

संध्याकाळी भावाची बोट आली. इंजिन बंद पडलं होतं, दुसऱ्या बोटीने ओढून आणली. आई बंदरावरच बसून होती. मी पोचले ती सरळ त्याच्यापाशी गेले आणि त्याचा उजवा हात उलटा करून बघितला. उन्हाने, मिठाने गावाचं नाव जवळजवळ पुसलं होतं.

"काय बगतंस ताई?" तो हसला. "फिकं झालंय, व्हय. येत्या जत्रेला परत गिरवून घेतो."

"जत्रेला चार महिने आहेत," मी म्हटलं. "उद्याच चल."