कूलरच्या हवेपुरतं शिकवणं

आमच्या आर्किटेक्चर कॉलेजात शिकवणं कूलरच्या हवेपुरतं होतं. हे मी रागानं सांगतेय आणि राग अजून गेलेला नाही. वरच्या मजल्यावर लांबलचक स्टुडिओ, डोक्यावर नुसता तापलेला स्लॅब, दाराशी एकच कूलर, त्याच्यासमोर सरांची खुर्ची. हुशार मुलं कूलरच्या हवेत, उरलेली पश्चिमेच्या खिडकीकडे. माझं टेबल अगदी शेवटचं. एप्रिलमध्ये तिथं अंगाची लाही लाही व्हायची, घाम शीटवर टपकला की शाई पसरायची.

डिझाइन काही फळ्यावर शिकवत नाहीत. सर टेबलाशी येतात, तुमच्या ड्रॉइंगवर पेन्सिल चालवतात, त्यातून शिकायचं असतं. आमचे सर हवेतल्या टेबलांपर्यंत यायचे, मानेवरून रुमाल फिरवायचे आणि परत खुर्चीत. बोलवायला गेलं की म्हणायचे, "अवं, तिकडं भट्टी पेटून राहिली. शीट इकडं आण." न्यावी तर खुर्चीभोवती ही गर्दी! माझी पाळी येण्याआधी तास संपायचा.

माझं ड्रॉइंग त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते जुरीला, म्हणजे सगळ्यांसमोर काम मांडायच्या दिवशी.

"हा जिना इथं टाकायले तुले कोनं सांगतलं वं?"

"कुणीच नाही, सर."

अख्खा स्टुडिओ हसला. त्यांनी नापास केलं, वर्ष गेलं. सक्करदऱ्याला घरी बाबा म्हणाले, "सोड पोरी, हे आपल्याच्यानं होत नाही." मी सोडलं नाही. दातओठ खात तेच वर्ष पुन्हा केलं.

आता मी त्याच कॉलेजात शिकवते, तो स्टुडिओ माझ्या ताब्यात आहे. मी आधी सरांची ती खुर्ची हलवली, मग सगळ्या मुलांची टेबलं कूलरकडे ओढली. माझं जुनं टेबल तेवढं खिडकीशी राहू दिलं. यंदा जुरीला बाहेरून कुणाला बोलवायचं, असं विचारल्यावर मी निवृत्त झालेल्या सरांचं नाव सुचवलं. सगळ्यांना माझी गुरुभक्ती दिसली. गुरुभक्ती कसली डोंबलाची! मला त्यांना त्या टेबलाशी, त्या उन्हात बसवायचं होतं. बाकी काही नको होतं.

शीट्स पश्चिमेच्या भिंतीवर लावल्या. सरांची खुर्ची माझ्या टेबलाशी ठेवली. दोन मुलांचं काम होईस्तोवर त्यांचा शर्ट पाठीला चिकटला.

"कूलर तिकडं काहून लावला वं?"

"मुलं तिकडं बसतात, सर."

"मग मीबी तिकडंच येतो न."

"तिकडं गर्दी आहे, सर. तुमची पाळी यायची नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आठवलं.

"तू माह्या हाताखाली शिकली का? मले काही आठवत नाही."

घ्या! इतकी वर्षं ज्या माणसावर डूख धरून होते, त्याला माझं तोंडही आठवत नव्हतं. आणि आठवणार तरी कसं?

"तुम्ही बसलात ना, सर, ते माझं टेबल. तुम्ही इथं आज पहिल्यांदा आलात."

सरांनी टेबलाकडे पाहिलं, मग लांब दाराशी घरघरणाऱ्या कूलरकडे. हळूच पाणी मागितलं. मी पाणी दिलं. खुर्ची मात्र हलवली नाही. अजून बरीच मुलं बाकी होती.