पैलवानाचं इंजेक्शन

दुपारच्या गुंगीत डोळा लागतोय न लागतोय, तोच दौलू मगदूमला त्याचे हिंदुराव वस्ताद खाटेच्या कडेला बसलेले दिसतात. वस्ताद जाऊन जमाना लोटला. तरी दौलू सुई लावलेला हात झटकन चादरीखाली घेतो.

दौलू म्हातारा हट्टी, तो तरी किती असावा! छाती उघडून हृदयाचं ऑपरेशन झालं, ते निभावलं. पण मागोमाग मेंदूला सूज आली आणि डोकं फिरलं. स्टेरॉइड दिल्यावर आज कुठं माणूस भानावर आला, आणि औषधाचं नाव ऐकताच बिथरला. तालमीत कुणी स्टेरॉइड घेतलं तर त्याचा कान धरून बाहेर काढणारा हा गडी! पुढचं इंजेक्शन तो घेईना. डॉक्टर बजावून गेलेत, औषध मधेच सोडलं तर सूज पुन्हा चढेल, घरचं माणूस ओळखणार नाहीस.

"काय लपवतोस रं दौल्या?"

"काय न्हाई, वस्ताद."

"दाव हात."

दौलू हात पुढं करतो. शरमेनं मान वर होत नाही. "मला न इचारता टोचलं वो. तुमच्या तालमीला बट्टा लागला."

वॉर्डची फरशी तांबडी होते, भुसभुशीत होते. मातीत कालवलेल्या हळदीचा, ताकाचा वास सुटतो. दोघं तालमीच्या हौद्यात उभे आहेत आणि भिंतीवर मारुतीच्या तसबिरीशेजारी मॉनिटर टिकटिकतोय.

"कुस्ती कुणाशी हाय तुझी?" वस्ताद विचारतात.

"कुणाशी न्हाई."

"मग बट्टा कशाचा? आजाऱ्यानं औषध घ्यावं, त्यात कसली लबाडी? लाज वाटायचीच तर काल सोनीला लाथ घातलीस, त्याची वाटू दे."

ऐकता ऐकता दौलूला आठवतं. सोना, त्याची बायको, वाकून त्याचं तोंड पुसत होती. 'ही चोरटी कोण?' म्हणून तो ओरडला होता, भर वॉर्डात. तिचा हात पिरगाळून लाथ घातली होती. धरणीनं आत्ता पोटात घ्यावं असं त्याला वाटतं.

"वस्ताद, कुठल्या तोंडानं जाऊ तिच्याफुडं?"

"जातोस कुठं? हितंच हाय ती. धर." वस्ताद मनगट पुढं करतात. दौलू ते पकडतो, सवयीनं, अंगातल्या सगळ्या जोरानं.

"हळू वो," वस्ताद म्हणतात, पण आवाज बाईचा आहे.

डोळे उघडतात. मुठीत सोनाबाईचं मनगट आहे. तिनं ते सोडवून घेतलेलं नाही. दौलू घाबरून मूठ उघडतो. मनगटावर त्याची बोटं उठलीयेत, लालबुंद. वर कोपराशी कालचीही आहेत, काळीनिळी.

"हे मी केलं?"

"तुमी कुठं? दुखण्यानं केलं."

दौलूला तिच्या डोळ्यांकडं बघवत नाही. त्या वळांकडंच बघत तो हाक मारतो, "सिस्टर, या. टोचा काय ते."