आपल्या पायानं गेलेला माणूस

आमचे बाबा विहिरी खोदायचे. धनजच्या बाजूच्या शिवारात वरची काळी माती लवकर निघते. खाली मात्र पाषाण लागतो. मग उन्हाळाभर लोखंडी सब्बल, टोपली आणि सुरुंग. अशाच एका सुरुंगाच्या कपचीनं त्यांचा डावा डोळा अधू झाला होता. पाणी लागलं की मालक नारळ फोडायचा, बाबांच्या खांद्यावर नवा दुपट्टा टाकायचा, आणि त्या दिवसापासून त्या विहिरीच्या काठावर बाबांनी पाय ठेवायचा नाही, हा गावाचा रिवाज. आमची वस्ती नाल्यातल्या झिऱ्याचं पाणी प्यायची. वाटीवाटीनं भरायचं, लुगड्याच्या पदरातून गाळायचं.

माय म्हणायची, "याच्या हातानं अख्खं गाव पानी पेते, अन् याचे लेकरं गाळ."

बाबा हसून म्हणायचे, "गाळात ताकद असते वो."

हिवाळ्यात माय कारंजाच्या जिनिंगमध्ये जायची. परत यायची तेव्हा भुवयांवरसुद्धा रुई असायची आणि रात्रभर खोकायची. त्या घरातून मी बी.ए. झाले. वस्तीतून पहिली, आणि गावातल्या पोरींमध्येही पहिली. हे मी लाजत सांगत नाही. वसतिगृहाच्या पातळ वरणावर राहून, राज्यशास्त्र घेऊन पास झाले.

आम्हाला राज्यशास्त्र शिकवणारे सर मूलभूत हक्कांचा धडा डोळे मिटून म्हणायचे, जसा कोणी अभंग म्हणतो. सुटीत मी तो चुलीपुढं बसून मोठ्यानं म्हणायचे. बाबा विचारायचे, "हे आपल्यालेबी लागू हाये?"

"आपल्यालेबी."

"अन् पाटलाले?"

"पाटलालेबी."

"मंग बरं हाये," म्हणून ते बिडी पेटवायचे.

हा पाटील म्हणजे आमच्या गावचा पोलीस पाटील. त्याच्या मळ्यातली विहीर बाबांनीच खोदलेली. माणूस वाईट होता असं मी तेव्हा म्हटलं नसतं. माझ्या स्कॉलरशिपसाठी लागणारा दाखला त्यानं एका खेपेत दिला होता. एस.टी.च्या थांब्यावर चार माणसं दिसली की माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "हे पाहा, मायी गावची पोरगी बी.ए. करून राह्यली." मला ते आवडायचं. ‘मायी’, म्हणजे ‘माझी’, हा शब्द विशेष आवडायचा.

आणीबाणीतला उन्हाळा होता. पाटलाच्या विहिरीवरची विजेची मोटार चोरीला गेली. विहीर खोल, आत उतरायला दगडाचे खाचे, आणि ते खाचे पाडलेले बाबांनी. गावात कुजबुज सुरू झाली की उतरायचं त्यालेच माहीत. दोन दिवसांनी पाटील स्वतः आमच्या दारात आला. आत आला नाही, पण दारात आला हेही मोठंच होतं.

"चाल गा ठाण्यात. साहेबाले दोन गोष्टी विचारायच्या हायेत. सांजच्या गाडीनं वापस."

मी मधे पडले. "पाटील, काही लेखी आणलं का? समन्स वगैरे?"

पाटील बाबांकडे पाहून हसला. "शिकवली ना पोरगी? घे आता."

बाबांनाच माझा राग आला. "पाटलाची जबान असतानी कागद मांगतं?" आणि मग हळू आवाजात, "बाई, जीप आली तर इज्जत जाईन. आपल्या पायानं गेलेला मानूस चोर नसते."

आमच्याकडे हा पक्का समज होता. जीप घेऊन जाते तो गुन्हेगार; बोलावल्यावर जो स्वतः जातो तो साव. म्हणून बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं, फेटा बांधला, आणि लग्नाला निघावं तसे पाटलाच्या मागे निघाले. एस.टी.त पाटलाचंही तिकीट त्यांनीच काढलं.

सांजच्या गाडीनं पाटील एकटा उतरला आणि मळ्याच्या वाटेनं गेला.

दुसऱ्या दिवशी मी आणि माय भाकरीचा डबा घेऊन ठाण्यात गेलो. जमादार खुर्चीत तिरपा बसून पान लावत होता. मी विचारलं, "माझ्या वडिलांना कोणत्या गुन्ह्यात अटक केली आहे?"

"अटक? कोनं केली अटक?" त्यानं शिपायाकडे पाहिलं. "तू केली काय बे?"

शिपाई म्हणाला, "म्या तं नाई केली."

"पाहा. बुढा आपल्या पायानं आला. बसला हाये."

"अटक नाही तर त्यांना घरी जाऊ द्या."

"जाये ना. आमी धरून ठेवलं का? त्याची मर्जी असन तं जाईन."

"मग मला आत जाऊन त्यांना विचारू द्या."

"आत जाता येत नाई."

मी कलम सांगितलं. धरलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. जमादारानं पान गालात सरकवलं. "कवापासून मोजतं चोवीस तास? धरलंच नाई तं घड्याळ सुरू कवा झालं?" शिपाई मोठ्यानं हसला. पण मायच्या हातातला डबा त्यानं घेतला, आत नेला, आणि थोड्या वेळानं रिकामा आणून दिला.

ज्या गोष्टीनं बाबांनी आपली इज्जत राखली, तीच त्यांच्याविरुद्ध वापरली जात होती. ते फरफटत गेले असते तर कुठंतरी नोंद झाली असती. सभ्य माणसासारखे गेले, म्हणून ते कायद्याच्या लेखी कुठंच नव्हते.

मी पाटलाच्या ओसरीसमोर गेले. "तुम्ही घेऊन गेले होते. तुम्ही जबान दिली होती."

तो सुपारी कातरत होता. मान वर केली नाही. "म्या नाई नेलं पोरी. आमी एका गाडीत बसलो, बस. गाडीत तं किती जन बसतेत."

"कोर्टात खरं सांगाल?"

"मी सरकारचा मानूस हाये." मग सुपारीचा तुकडा तोंडात टाकून, "तुले दाखला देल्ता ना म्या? इसरली?"

तेव्हा मला कळलं की तो दाखला माझा हक्क नव्हता, त्यानं मला बांधलेला दोर होता. निदान त्याच्या मनात तरी.

मी बस धरून सरांच्या घरी गेले. मनात खात्री होती की सर उठतील, चपला घालतील, माझ्याबरोबर येतील. सरांनी आधी खिडकी लावून घेतली. "हे बघ, ती कलमं सध्या कोर्टात मागता येत नाहीत. आणीबाणी आहे."

"सर, तुम्ही शिकवलं होतं की ते हक्क माणूस म्हणून जन्मापासून असतात."

"परीक्षेपुरतं ते बरोबर आहे," सर म्हणाले. दारापर्यंत पोचवताना त्यांनी आणखी एक वाक्य जोडलं, "माझं नाव कुठं घेऊ नकोस."

जमादाराचा मला एवढा राग आला नाही. त्यानं मला कधी काही शिकवलं नव्हतं.

कोर्टाच्या आवारात चिंचेखाली एक म्हातारे मुसलमान वकील टेबल टाकून बसायचे. गिऱ्हाईक फारसं नसे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बेटी, तुला भाषण पायजे का बाप पायजे?"

"बाप."

"तर मग ती मोठी कलमं राहू दे. फौजदारी कायद्यात एक छोटी तरतूद अजून जिवंत आहे. कोणाला बेकायदा कोंडलं असेल तर मॅजिस्ट्रेट त्याला बाहेर काढायचा हुकूम देऊ शकतो. पण आत कोंडलाय हे पटवावं लागेल. त्याला पाहिलंय कोणी?"

पाहिलं कोणीच नव्हतं. डबा मात्र रोज जात होता. वकिलांनी अर्जात तेवढंच लिहिलं आणि मायला साक्षीला उभं केलं.

पाटलालाही बोलावलं होतं. शपथ घेऊन तो म्हणाला, "मले काई मालूम नाई." सरकारी बाजूनं सांगण्यात आलं की इसम ठाण्यात स्वखुशीनं थांबलेला आहे, चौकशीला मदत करतो आहे.

मायची पाळी आली. तिनं पदर डोक्यावर घेतला. "साहेब, मी रोज भाकर नेतो. शिपाई डबा आत नेते, रिकामा आनते. तठी मायाघरचा मानूस कोंडला नसन, तं दाराआड उभं राहून भाकर खाते अन् घरी काहून येत नाई? माया सैपाक एवढा ग्वाड नाई."

कोर्टात हसू झालं. मॅजिस्ट्रेट हसले नाहीत. ते सरकारी वकिलाला म्हणाले, "स्वखुशीनं थांबलेत ना? मग स्वखुशीनं इथवर चालत येऊ द्या. आत्ता. मी बसलो आहे."

ठाणं समोरच्या रस्त्यावर होतं. तरी बराच वेळ लागला. बाबा आले ते शिपायाच्या खांद्यावर हात टाकून. फेटा नव्हता, धोतर मळलेलं. तळपाय सुजून असे झाले होते की वहाणा हातात धरल्या होत्या. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "आपल्या मर्जीनं थांबला होता का?"

बाबांनी आधी पाटलाकडे पाहिलं. त्यांना अजूनही वाटत असावं की तो काहीतरी बोलेल. पाटील खिडकीतून बाहेर बघत होता.

"गेलो मर्जीनं साहेब," बाबा म्हणाले. "थांबलो नाई मर्जीनं."

सुटकेचा हुकूम तिथंच झाला. पुन्हा बोलवायचं तर लेखी समन्स काढा, असंही त्यात लिहिलं. मारहाणीचं पुढं काही झालं नाही. वकील म्हणाले, त्या दिवसांत तेवढं मागितलं असतं तर हेही हातचं गेलं असतं. मोटार कोणी नेली ते आजवर कळलं नाही. पाटील पुढंही पोलीस पाटीलच राहिला. थांब्यावर मी दिसले की तो तोंड फिरवायचा, आणि मी मुद्दाम समोर जाऊन उभी राहायचे. बाबांनी त्यानंतर त्याच्याबद्दल वाईट शब्द उच्चारला नाही, पण विहीर खोदायचं काम सोडलं. पाय सब्बलीला जोर देत नव्हते, हे कारण ते सांगायचे. मला ते अर्धंच वाटायचं.

माझ्या वडिलांवर गुन्हा नोंदवला गेला नाही, आणि त्यांना पुन्हा बोलावणंही आलं नाही. त्यानंतर आमच्या वस्तीतला एकही माणूस लेखी समन्सावाचून ठाण्यात गेला नाही.