बोट दुखत नव्हतं

“तू ये गं. तुला सवय असेल.”

मॅनेजर मॅडम एवढंच बोलल्या. आम्ही पंधरा मुली होतो. विलेपार्ल्याच्या एका बंगल्यात, हॉलमध्ये ओळीने बसलो होतो. समोर केळीची पानं. टेस्ट मॅच चार दिवसांवर आली होती. देशाच्या टीमसाठी आम्हा पंधराजणींना कॅम्पला बोलावलं होतं, त्यातून अकरा निवडायच्या होत्या. आणि त्या रविवारी बंगल्यातल्या काकूंनी सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं.

पंच्याऐंशी साल होतं. बायकांच्या क्रिकेटला कुत्रं विचारत नव्हतं. पॅड-ग्लोव्हज, दुपारचं जेवण, बाहेरगावच्या मुलींची राहायची सोय, सगळं अशा चार-दोन घरांच्या मेहेरबानीवर चालायचं. काकू त्यातल्या मोठ्या. त्या दिवशी त्यांची कामवाली आली नव्हती. वाढायला माणूस हवं होतं. मॅडमनी ओळीवरून नजर फिरवली. पहिल्या पानापासून पंधराव्यापर्यंत. मग परत मागे आली आणि माझ्यावर थांबली.

मी उठले.

हे आधीच सांगून टाकते, कारण किळस मला फक्त त्यांची येत नाही. मी उठले. कुणी हात धरून उठवलं नाही. हात धुतले, वरणाचं पातेलं उचललं आणि वाढत गेले. आणि चांगलं वाढलं. एक थेंब पानाबाहेर सांडला नाही. माझ्याबरोबर सकाळी धावलेल्या, माझ्या बॉलिंगवर क्लीन बोल्ड झालेल्या मुली माना खाली घालून जेवत होत्या. एकीनेही म्हटलं नाही, मी पण येते.

अनघा तिसऱ्या पानावर होती. काकूंची भाची. तीही माझ्यासारखीच डावखुरी स्पिनर. टीममध्ये डावखुरी स्पिनर एकच खेळणार होती. ती नाहीतर मी. तिने वर न बघता पानाकडे बोट दाखवलं.

“मीठ.”

मी मीठ वाढलं.

सगळ्यांची जेवणं झाल्यावर माझी पाळी आली. पानं संपली होती. काकूंनी मोरीजवळच्या फळीवरून एक ॲल्युमिनियमचं ताट काढलं, नळाखाली धरलं आणि मला मागच्या व्हरांड्यात दिलं. म्हणाल्या, “आमच्या बाईचं आहे. स्वच्छ आहे हो.”

ते ‘स्वच्छ आहे हो’ माझ्या कानात अजून आहे. ताट स्वच्छ आहे हे मला सांगत होत्या. प्यायला पाणी दिलं ते वरून, तांब्या भांड्याला न टेकवता. मी श्रीखंड खाल्लं. गोड होतं. बाहेर येऊन गटाराशी ओकले.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. बौद्ध. घाटकोपरला डोंगराच्या उतारावर आमची खोली. वडील गिरणीत होते. संप झाला आणि गिरणी पुन्हा सुरू झालीच नाही. तेव्हापासून वडील दाराशी बसून असायचे, रस्त्याकडे बघत. आई खाली सोसायट्यांमध्ये भांडी घासायची, चार घरी. मी मुलुंडला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला. शाळेतल्या पीटीच्या बाईंनी माझा खो-खो बघून मला क्लबात नेलं होतं, तिथे कुणीतरी हातात बॉल दिला आणि तो वळला. का वळला मला माहीत नव्हतं. पुढे शिकले. उजव्या हाताने खेळणारीला लेग स्टंपवर टाकायचा आणि ऑफ स्टंप उडवायचा, हे मला जमायला लागलं. त्यात मला जेवढं सुख मिळालं तेवढं दुसऱ्या कशात मिळालं नाही. कंपनीत आठ तास बाटल्यांवर लेबलं लावताना माझी बोटं आपोआप बॉलच्या शिवणीवर बसल्यासारखी वळायची.

म्हणजे सवय होती. मॅडम खोटं बोलल्या नव्हत्या. पण त्यांना माझ्या आईचं काम माहीत नव्हतं. माझं घर माहीत नव्हतं. त्यांना फक्त माझं आडनाव माहीत होतं.

कॅम्प अंधेरीच्या एका कॉलेजच्या मैदानावर होता. पिच कोरडं होतं, टेस्टचंही तसंच असणार असं सगळे म्हणत होते. निवड कमिटीत तिघं होती. त्यातले मुख्य होते सर, वय झालेले, डोक्यावर कायम पांढरी टोपी. दोन मीडियम पेसर आणि एक ऑफस्पिनर, यांची नावं पहिल्याच दिवशी नक्की झाली होती. प्रश्न चौथ्या बोलरचा होता. सर रोज माझ्या नेटमागे येऊन उभे राहायचे. सोमवारी मी कॅप्टनला ओळीने तीन बॉल चुकवले तेव्हा ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “ही चौथ्या दिवशी मॅच काढेल.” मी ऐकलं. ऐकलं नाही असं दाखवलं.

कॅप्टन बाहेरच्या राज्यातली होती, हिंदी बोलायची. तिला आडनावांतलं काही कळत नव्हतं, किंवा तिच्या गावची आडनावं वेगळी होती. मॅचच्या आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी, कमिटीच्या मीटिंगमधून बाहेर आली आणि माझ्या पाठीत धपाटा घातला. म्हणाली, “तू खेल रही है. मैंने बोल दिया, मुझे यही चाहिए.”

मी बुटांच्या नाड्या सोडत होते. सोडलेल्या पुन्हा बांधल्या. काय करावं सुचेना. एक तासभर मी देशाची बोलर होते. कुणाला सांगितलं नाही.

मग मॅडमनी आत बोलावलं.

खोलीत त्या आणि सर, दोघंच. सर खिडकीबाहेर बघत होते. मॅडमनी टेबलावर एक कोरा कागद ठेवला, त्यावर पेन ठेवलं आणि मला खुर्ची दिली. कॅम्पमध्ये पहिल्यांदाच मला त्यांच्यासमोर खुर्ची मिळाली.

“दोन ओळी लिही,” मॅडम म्हणाल्या. “डाव्या हाताच्या बोटाला सूज आली आहे, त्यामुळे मी खेळू शकत नाही. खाली सही कर.”

मला वाटलं माझ्या बोटाला खरंच काही झालंय आणि मलाच दिसत नाहीये. मी हात वर करून बघितला.

“बोट दुखत नाहीये माझं,” मी म्हटलं.

मग त्या समजावायला लागल्या. आवाज मऊ, अगदी मोठ्या बहिणीसारखा. माझं वय लहान आहे, मला पुष्कळ मॅचेस मिळतील. अनघाचं हे शेवटचं वर्ष, पुढे तिचं लग्न आहे. काकूंनी आपल्यासाठी किती केलंय. कॅप्टन हट्टाला पेटली आहे, तिच्याशी वाद घालण्यापेक्षा मीच माघार घेतली तर कुणाचंच मन दुखणार नाही. पाहुण्या टीमबरोबर रात्रीची जेवणं असतात, काटेचमचे असतात, इंग्रजी बोलावं लागतं, मी उगाच अवघडून जाईन. आणि एका बँकेत मुलींची टीम सुरू होतेय, तिथे त्या माझं नाव घालतील. पक्की नोकरी.

नोकरीचं ऐकल्यावर मी पेन उचललं. हेही सांगते. दाराशी बसलेले वडील दिसले मला. आईचे हात दिसले, राख आणि काथ्याने सोललेले. दोन ओळी. कोण मरणार होतं दोन ओळींनी?

मॅडमना वाटलं जमलं. त्या खुशीत येऊन बोलून गेल्या.

“त्या दिवशी किती छान वाढलंस गं तू. काकू अजून नाव काढतात. तुझ्यासारखी मुलगी टीमबरोबर हवीच. ड्रेसिंग रूममध्ये किती मदत होईल.”

मी पेन धरलेल्या हाताकडे बघितलं. दहा दिवस हाच हात त्यांच्यासमोर बॉल टाकत होता. शेकडो बॉल. त्यांनी त्यातला एक बघितला नाही. त्यांच्या लक्षात राहिला तो वाढणारा हात. आणि आता त्याच हाताने मी लिहून द्यायचं की हा हात निकामी आहे. म्हणजे काढलं त्यांनी असं होणार नाही. मीच नको म्हटलं असं होईल. त्यांची पानं स्वच्छ. जात कुठेच आली नाही, कुणी कुणाला काही बोललं नाही, पोरीचं बोट दुखत होतं बिचारीचं.

मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, सावकाश लिहिलं. ‘माझं बोट दुखत नाही. मी खेळायला तयार आहे.’ खाली पूर्ण नाव. आडनाव मोठ्या अक्षरात. कागद फिरवून त्यांच्याकडे केला.

मॅडमनी वाचलं. तो मऊ आवाज एका क्षणात गेला.

“तुम्हा लोकांना जरा जवळ केलं की हे असं.”

तुम्हा लोकांना. दहा दिवस ओठांच्या आत होतं ते बाहेर आलं. खरं सांगते, मला बरं वाटलं. ओकून मोकळं झाल्यावर वाटतं तसं. आता निदान खोलीत खरं काहीतरी होतं.

मी सरांकडे बघितलं. म्हटलं, “सर, तुम्ही म्हणाला होतात मी मॅच काढेन.”

सर खिडकीकडून वळले. माझ्याकडे नाही, टेबलाकडे. कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात टाकला. “बाळ, समजून घे,” म्हणाले. मॅडमच्या बोलण्यापेक्षा मला त्या ‘बाळ’ची जास्त घाण वाटली. मॅडमना माझी बॉलिंग कळतच नव्हती. यांना कळत होती.

संध्याकाळी टाइप केलेली यादी बोर्डावर लागली. चौथी बोलर अनघा. खाली एक ओळ, माझं नाव, पुढे कंसात लिहिलेलं: दुखापतग्रस्त. मी नाही लिहिलं तर त्यांनी लिहिलं. एवढ्या सोप्या कामासाठी त्यांना माझी सही कशाला हवी होती, हे मला तेव्हा नीट कळलं. त्यांना नुसती जागा नको होती. माझी कबुली हवी होती.

कॅप्टनने यादी वाचली, माझा हात धरून बोटं दाबून बघितली, एकेक. दुसऱ्या दिवशी टॉसला गेली. तिलाही पुढची टेस्ट खेळायची होती.

घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. ताटाचंही, जे तीन दिवस लपवलं होतं. नोकरी घालवली हेही. आई तांदूळ निवडत होती. निवडत राहिली. मला वाटलं आता बोलेल, दोन ओळी लिहायला काय झालं होतं. मग म्हणाली, “तसल्या ताटात मी रोज जेवते. तू नको जेवूस.”

परत तांदूळ निवडायला लागली. वडिलांनी तोंड भिंतीकडे केलं.

मॅचच्या सकाळी मी मैदानावर गेले. पांढरे कपडे घालून. सीमारेषेबाहेर एक स्टंप रोवला आणि बॉल टाकत राहिले. पहिलं सेशन संपेपर्यंत. ज्याला बघायचंय त्याने बघावं, दुखापतग्रस्त बोलर कशी टाकते ते. एक पेपरवाला आला, म्हणाला तुमचं बोट दुखावलंय ना? मी हात पुढे केला. त्याने हात बघितला, वहीत काहीतरी लिहिलं. पेपरात आलं नाही.

आणि अनघा? समोरच्या टीमने तिला धुऊन काढावं असं मला मनापासून वाटत होतं. तसं झालं नाही. तिने तीन विकेट घेतल्या. चांगली टाकली. ती वाईट बोलर नव्हतीच, म्हणून तर जास्त संताप झाला. तिला माझ्या दुखऱ्या बोटाची काही गरज नव्हती. आम्ही दोघी नेटमध्ये समोरासमोर टाकलं असतं, त्यात ती कदाचित जिंकलीही असती. मी हरले असते, घरी गेले असते, रडले असते. ते रडणं माझं असतं.

मॅच संपल्यावर ती माझ्याकडे आली. एकटी. हळूच म्हणाली, “मला बोटाचं माहीत नव्हतं गं. खरंच.”

“मी वाढत होते ते माहीत होतं ना?” मी विचारलं.

ती गेली.

मॅच अनिर्णित राहिली. मला त्यानंतर बोलावणं आलं नाही. बँकेची टीम झाली, त्यात अनघा होती, लग्नानंतरही. मी मुलुंडला लेबलं लावत राहिले आणि रविवारी क्लबात टाकत राहिले. असोसिएशनला तीन पत्रं लिहिली. माझं बोट कुठल्या डॉक्टरने तपासलं, त्याचं नाव द्या. उत्तर नाही.

पुढच्या वर्षी सिलेक्शनची तारीख मला एका मुलीकडून कळली. मी गेले. टेबलामागे त्याच मॅडम बसल्या होत्या. यादीवरून बोट फिरवून म्हणाल्या, “तुझं नाव नाहीये.”

“माहीत आहे,” मी म्हटलं. “काढायचं असेल तर कारण लिहा. माझ्यासमोर.”

त्यांनी शिपायाला हाक मारली. शिपाई आला, माझ्याकडे बघून तिथेच घुटमळला. मी बाजूला झाले नाही. मागे मुलींची रांग थांबली. त्या दिवशी मला बॉल मिळाला नाही. संध्याकाळपर्यंत मी तिथेच उभी होते, ऊन डोक्यावरून खाली गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. पुन्हा तेच.

मी टेस्ट खेळले नाही. खेळेनही असं आता वाटत नाही. पण त्यांची प्रत्येक यादी लागेल तेव्हा मी त्या टेबलासमोर असेन. वाईट टाकते म्हणून काढा, मी जाईन. अमुक जातीची म्हणून काढा, तसं लिहा, सही करा, बोर्डावर लावा. आजारी म्हणून मात्र मी जाणार नाही. मी धडधाकट आहे आणि मी इथेच उभी राहणार आहे.